भाऊजींची फुली

गिरगावात, फणसवाडीच्या तोंडाशी, माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मीच तपासते, नंबर मीच काढते. दुकान माझ्या वडिलांनी काढून दिलं, त्यात सासरचा एक स्क्रूसुद्धा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे येणार आहे ते सगळं सासरच्या घराण्याचं आहे.

घराणं जुनं, मुंबईतलं. एके काळी जमिनीबिमिनी होत्या. त्या गेल्या, पण जमीनदाराची चाल राहिली. आमच्या घरातला पुरुष कोथिंबीर आणायला निघाला तरी हद्दीची पाहणी करायला निघाल्यासारखा निघतो. उरल्यात तीन गोष्टी : रेवदंड्याजवळची नारळ-सुपारीची वाडी, एक रायफल, आणि बिबट्यावर पाय ठेवून उभ्या असलेल्या आजेसासऱ्यांचा फोटो. तो बिबट्या गावकऱ्यांनी आदल्या दिवशीच मारला होता, आजेसासरे फोटोग्राफरला घेऊन नंतर पोचले. ही माहिती घरात फक्त बायकांकडे असते. सासूकडून सुनेकडे येते, पाटल्यांसारखी.

हे तिन्ही वारसे माझ्या मोठ्या दिरांकडे आले. मी त्यांना भाऊजी म्हणते. वय अडुसष्ट, विमा कंपनीतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, राहायला शिवाजी पार्कासमोर तिसऱ्या मजल्यावर. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या जिवाची किंमत ठरवली, पण एक डास सोडला तर कुणाचा जीव घेतला नाही. रायफल वडिलांच्या पश्चात रीतसर परवान्यावर त्यांच्या नावे झाली होती. वर्षातून एकदा दसऱ्याला ती कपाटातून निघायची, झेंडूची माळ घालून घ्यायची आणि परत कपाटात जायची.

मग वाडीत रानडुक्कर शिरलं.

वाडी सांभाळणाऱ्या गड्याचा फोन आला की डुकराने सुरणाची सगळी ओळ उकरली, सुपारीची नवी रोपं पाडली. जाऊबाईंनी सांगितलं, "तारेचं कुंपण घालू या." जाऊबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं उत्तर नेहमी एका ओळीत येतं आणि घरात कुणाला आवडत नाही.

भाऊजी म्हणाले, "कुंपण? आपल्या घराण्यात?"

त्यांनी वनखात्याकडे अर्ज केला. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरासाठी परवानगी मिळते, तशी ती बऱ्याच हेलपाट्यांनंतर मिळाली. मला वाटलं, आता माणूस वाडीत जाईल. पण भाऊजी वाडीत गेले नाहीत. ते इंटरनेटवर गेले.

तिथे त्यांना समजलं की दूरवरच्या उपद्रवी प्राण्याला टिपायचं तर रायफलीवर दुर्बीण हवी, आणि दुर्बिणीत खरं महत्त्व काचेला नाही, रेटिकलला आहे. रेटिकल म्हणजे दुर्बिणीला डोळा लावला की मधोमध जी फुली दिसते ती. तुम्हाआम्हाला फुली म्हणजे फुली. पण अमेरिकेत म्हणे मैलोन्‌मैल उघड्या माळरानावर बसून घुशीएवढे प्राणी टिपणारे लोक आहेत, आणि ते शिकारीपेक्षा जास्त वेळ या फुलीवर भांडतात. भाऊजींना आयुष्यात प्रथमच आपली माणसं भेटली.

त्यानंतर ते दर दोन-तीन दिवसांनी दुकानात यायला लागले. मी काचांमधली, म्हणून सल्ला माझा. समोर गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि भाऊजी माझ्या पॅडवर फुल्या काढत असायचे.

"हे बघ. ही साधी फुली. बाहेर जाड, मध्ये बारीक. ही ठिपक्यांची. माणसाची उंची ठाऊक असली की ठिपके मोजून अंतर काढता येतं. आणि ही झाडवाली."

झाडवाली म्हणजे फुलीच्या खाली आडव्या रेघांची उतरंड, खाली खाली रुंद होत जाणारी. गोळी लांब जाताना किती खाली पडेल आणि वाऱ्याने किती सरकेल ते त्यावरून समजतं.

"भाऊजी, केवढं लांब?"

"हजार मीटरपर्यंत."

"आपल्या वाडीत हजार मीटर आहेत कुठे? चौथ्या माडापलीकडचं काही दिसत नाही. त्यापलीकडे शेजाऱ्यांची विहीर आहे."

भाऊजींनी माझ्याकडे, अडाणी माणसाकडे बघावं तसं दयेने पाहिलं. "एवढी रेंज हाताशी असावी लागते. वापरायलाच पाहिजे असं नाही."

हे वाक्य त्यांच्या घराण्याच्या दारावर कोरायला हरकत नाही.

मग दुसरा वाद निघाला. दुर्बिणीतलं चित्र मोठं केलं की फुलीही मोठी व्हावी, की फुली आहे तेवढीच राहावी? दोन्ही प्रकार मिळतात. या एका प्रश्नावर गणपती आले आणि गेले. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी ओढलं. तो बिचारा भावाच्या भीतीने कधी मोठ्या फुलीच्या बाजूने बोलायचा, कधी लहान फुलीच्या. पार्कात सकाळी चालायला येणाऱ्या त्यांच्या मित्रांतही दोन तट पडले. त्यांतल्या कुणाकडे बंदूक नव्हती. एक निवृत्त न्यायाधीश होते, ते म्हणे लहान फुलीवाल्यांशी बोलेनासे झाले.

डुक्कर एव्हाना सुरण संपवून रताळ्यांवर आलं होतं.

शेवटी झाडवाली दुर्बीण आली. परदेशी, हातभर लांब, चित्र चोवीसपट मोठं करणारी. आठ दिवसांत भाऊजी ती घेऊन दुकानात हजर. चेहरा पडलेला.

"फसवलं. फुलीला सावली आहे. बारीक रेघा दोन-दोन दिसतात, मधला ठिपका फुटलाय."

मी दुर्बिणीला डोळा लावून समोरच्या इमारतीकडे पाहिलं. फुली इतकी रेखीव होती की एखाद्या बाईने तशी रांगोळी काढली असती तर तिला बक्षीस मिळालं असतं.

"काच ठीक आहे, भाऊजी. खुर्चीत बसा. उजवा डोळा तपासते."

ते बसले. डावा डोळा झाकला आणि तक्त्यावरची अक्षरं धडाधड वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मला नवल वाटलं. मग लक्षात आलं की ते बाहेर बाकावर बसले होते तेव्हा त्यांच्या आधीच्या बाईंनी तीच अक्षरं मोठ्याने वाचली होती. मी तक्ता बदलला. भाऊजींनी मान पुढे काढली. मग म्हणाले, "हा कुठल्या भाषेत आहे?"

मोतीबिंदू. चांगला पिकलेला. मी सांगितलं, तर म्हणाले, "मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो."

"अडुसष्ट म्हणजे काय मग?"

"तू चष्मे विकतेस ना? तेवढंच कर." आणि दुर्बीण उचलून निघाले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी जाऊबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. परवा पापड म्हणून टेबलमॅट उचलली होती."

ती दुर्बीण परत गेली आणि दुसरी आली, तेवढ्याच ताकदीची, पण फुलीचा मधला ठिपका लाल दिव्यासारखा उजळणारी. आता भाऊजींना फुली दिसेना, पण लाल डाग दिसायला लागला, आणि ते समाधानी झाले. बहुतेक माणसांचं असंच असतं. स्पष्ट काही दिसलं नाही तरी चालतं, लाल काहीतरी दिसलं पाहिजे.

तेवढ्यात निवडणुका लागल्या. आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशी रायफल जमा झाली. भाऊजींकडे उरली नुसती दुर्बीण. एखादा माणूस स्वस्थ बसला असता. यांनी सराव सुरू केला. गॅलरीच्या कठड्यावर उशी ठेवायची, उशीवर दुर्बीण, आणि पार्कात चालणाऱ्या लोकांवर अंतर मोजायचं. एकदा जाऊबाईंची मैत्रीण घरी आली तर तिला म्हणाले, "काल तुम्ही पश्चिमेच्या कठड्याजवळ होतात, माझ्यापासून दोनशे दहा मीटरवर. तुमची उंची पाच फूट धरली होती." ती बाई पाच फूट चार इंच आहे. पुन्हा आली नाही.

रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला होतो. संध्याकाळी पार्कात कुठल्याशा पक्षाची मोठी सभा होती. दुपारपासून भोंगे लागले होते. जेवण झालं, नवरा सोफ्यावर कलंडला, जाऊबाई आणि मी आत चहाचं बघत होतो, आणि भाऊजी गॅलरीत होते. काय करत होते ते आम्हाला दारावर पोलीस येईपर्यंत कळलं नाही.

एक इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई. इन्स्पेक्टर तरुण, अतिशय सभ्य, आणि त्या सभ्यपणाचीच भीती वाटावी असा. तो सरळ गॅलरीत गेला. भाऊजी उशीला छाती टेकून बसले होते, डोळा दुर्बिणीला, आणि दुर्बीण व्यासपीठाकडे.

"काका, हळूच उठा. हात मला दिसू देत."

भाऊजींनी वळूनही पाहिलं नाही. "एक मिनिट. तुमचे पुढारी नीट मापात बसत नाहीयेत. सतत हलतात."

माझा नवरा सोफ्यावरून उठला तो थेट भिंतीला चिकटला. जाऊबाईंच्या हातात चहाची गाळणी तशीच.

पोलिसांनी दुर्बीण ताब्यात घेतली. घर पाहिलं. रायफल त्यांच्याच ठाण्यात जमा आहे हे फोनवर कळल्यावर इन्स्पेक्टरने जरा श्वास सोडला, पण भाऊजींना सोडलं नाही. "बंदूक जमा आहे, दुर्बीण व्यासपीठावर लावलेली आहे. तुम्हीच सांगा काका, मी काय समजू?"

भाऊजींनी सांगायला सुरुवात केली, आणि तिथेच घात झाला. एखाद्याने म्हटलं असतं, गंमत म्हणून बघत होतो. भाऊजींनी ठिपके समजावले. अंतर कसं काढतात ते समजावलं. वारा पश्चिमेचा होता आणि त्याने गोळी किती सरकली असती तेही समजावलं. शिपायांपैकी एक जण दाराला पाठ लावून उभा राहिला.

"साहेब," मी मध्ये पडले, "ह्यांना काही दिसत नाही."

"काय?"

"माझं चष्म्याचं दुकान आहे. ह्यांचा उजवा डोळा मी तपासलाय. मोतीबिंदू आहे. त्या दुर्बिणीतून ह्यांना लाल डाग दिसतो, बाकी सगळं धुकं."

भाऊजी ताडकन म्हणाले, "खोटं आहे हे!"

मला हसावं की रडावं कळेना. अहो, मी तुम्हाला सोडवतेय!

इन्स्पेक्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग स्वतः दुर्बीण उशीवर ठेवली आणि म्हणाला, "काका, बसा. व्यासपीठामागे बॅनर आहे ना, त्यावर काय लिहिलंय ते वाचा."

बॅनर दोन मजली होता. अक्षरं माणसाएवढी. भाऊजींनी डोळा लावला. आम्ही सगळे उभे. खालून भोंग्यातून कुणीतरी मुंबईचं वैभव परत आणायचं वचन देत होतं. भाऊजींच्या मानेवरची शीर फुगली. माझ्या दुकानात आधी अक्षरं वाचून दाखवणारी बाई इथे नव्हती.

"विजय..." ते म्हणाले. "विजयी... काहीतरी सभा."

इन्स्पेक्टरने वाकून पाहिलं. त्यावर 'जाहीर प्रचार सभा' लिहिलं होतं.

"फोटो किती आहेत?"

"एक."

"सात आहेत, काका."

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. आणि इन्स्पेक्टरसुद्धा, तोंडावर हात ठेवून. लेखी जबाब झाला, दुर्बीण निवडणुका संपेपर्यंत रायफलीच्या सोबतीला गेली. जाताना इन्स्पेक्टर जाऊबाईंना म्हणाला, "काकी, ह्यांचं ऑपरेशन करून घ्या. पुढच्या वेळी माझ्या जागी दुसरा कुणी असेल."

दार लागलं तसे भाऊजी माझ्यावर उखडले. "परक्या माणसासमोर! पोलिसांसमोर! मला आंधळा ठरवलंस!"

"मग काय, नेमबाज ठरवून आत पाठवू?"

"तुरुंगात गेलो असतो तर निदान..." ते थांबले. पण निदान काय, ते आम्हा सगळ्यांना कळलं. निदान धोकादायक माणूस म्हणून गेलो असतो. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची थोडी दया आली. थोडीच. चहा झाला होता, तो कुणीच प्यायलं नाही.

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण जाऊबाईंनी दवाखान्याची तारीख घेतली आणि त्यांना नेलं. ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाल्यावर भाऊजी घरभर फिरले आणि एकेक शोध लावत गेले : पंख्यावर धूळ आहे, भिंतीला तडा आहे, फोटोतल्या आजोबांचा पाय बिबट्यावर नाही, शेजारच्या दगडावर आहे. शेवटचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "हो का?"

निवडणुका संपल्या, रायफल परत आली, दुर्बीणही आली. डुक्कर अजून होतंच. आता तर पिलांसकट यायचं. समुद्राच्या काठाने सगळे मिळून वाडीत गेलो, तेव्हा भाऊजी दहा वर्षांनी लहान दिसत होते. फुली आता त्यांना केसासारखी बारीक दिसत होती. गाडीत त्यांनी तीनदा सांगितलं.

वाडी सांभाळणारा गडी तर दुर्बिणीवर लुब्धच झाला. "शेट, मना पन बघू द्या," म्हणून त्याने डोळा लावला तो अर्धा तास सोडेना. शेजाऱ्याच्या माडावर किती नारळ आहेत ते मोजून काढलं आणि त्यातले आपले किती असायला हवेत याचाही हिशेब सांगितला.

सूर्य कलायला लागला तसे भाऊजी पडवीत बसले. रायफल वाळूच्या पिशवीवर. आम्ही मागे, आतल्या दाराशी, श्वास रोखून. आणि खरंच सुपारीच्या ओळीतून डुक्कर आलं, मागे तीन पिलं. मोठं, राखाडी-काळं, घरच्यासारखं निवांत. आमच्यापासून फार तर पंचवीस पावलांवर. तिथे उभं राहून त्याने रताळी उकरायला घेतली.

भाऊजी हलेनात. मी सरपटत जवळ गेले. "काय झालं?"

"केस," ते कुजबुजले.

"काय?"

"नुसते केस दिसतायत. डुक्कर दिसत नाही."

दुर्बीण चोवीसपटीवर होती. पंचवीस पावलांवरचं डुक्कर, चोवीसपट मोठं. त्या दुर्बिणीत फार तर हातभर केस मावले असतील. पुढचं टोक कुठलं, मागचं कुठलं, कळायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, पट कमी करा. त्यांनी कुठलंसं कडं फिरवलं, ते नेमकं दुसरंच होतं, लाल दिवा लागला. मग घाईघाईने त्यांनी श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाजाने माझे कान बसले. कावळे उठले. डुक्कर पिलांसह आल्या वाटेने निघून गेलं. आणि मग पाण्याचा आवाज यायला लागला. डुकरापासून बरीच डावीकडे, दगडी चौथऱ्यावर आमची पाण्याची काळी टाकी होती. तिच्या पोटातून धार लागली होती, अगदी गोमुखातून लागावी तशी.

माझा नवरा म्हणाला, "फुली टाकीवर होती का?"

"फुली डुकरावर होती!" भाऊजी ओरडले.

तेव्हा उलगडलं. दुर्बीण रायफलीवर बसवली की आधी कागदावर गोळ्या झाडून नेम जुळवून घ्यावा लागतो. फुली जिथे आणि गोळी जिथे, ते एक होईपर्यंत बटणं फिरवायची. हे त्या अमेरिकन लोकांनी नक्कीच कुठेतरी लिहिलं असणार, पण बहुधा पहिल्याच पानावर, आणि भाऊजी तिथे थांबले नव्हते. कुठली फुली, याच्यावर त्यांचं वर्ष गेलं. ती कुठे बघते, हे विचारायचं राहून गेलं.

"कंपनीतून जुळवून येत असेल असं वाटलं," ते म्हणाले, आणि एवढं बोलून पडवीत खाली बसले.   गडी बादली घेऊन टाकीकडे धावला.

रात्रभर टाकी गळली. सकाळी चौथऱ्याखाली मऊ चिखलाचं डबकं झालं होतं आणि त्यात डुक्कर, तिन्ही पिलं आणि बहुधा आणखी पाहुणे लोळून गेल्याच्या खुणा होत्या. जाऊबाईंनी डबक्याकडे पाहिलं, मोबाइल काढला आणि कुंपणवाल्याला फोन केला. या वेळी 'आपल्या घराण्यात?' असं कुणी विचारलं नाही.

कुंपण झालं. डुक्कर आता शेजाऱ्यांकडे जातं. शेजाऱ्यांनी भाऊजींचं नाव ऐकलंय, म्हणून मदत मागत नाहीत.

रायफल कपाटात आहे. पार्कातल्या मित्रांना भाऊजींनी काय सांगितलं ते मला नक्की माहीत नाही, पण निवृत्त न्यायाधीश मला दुकानात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमच्या दिरांनी पहिल्याच गोळीत टिपलं म्हणे." मी म्हटलं, "हो, पहिल्याच."

काय टिपलं ते त्यांनी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात भाऊजी स्वतःहून तपासायला आले. उजवा डोळा उत्तम. मग डावा तपासला. त्यातही मोतीबिंदू आहे, उजव्यात होता तेवढाच जाड. मी म्हटलं, "आता हाही काढून टाकू. दोन दिवसांचं काम."

ते खुर्चीत सावरून बसले. चेहऱ्यावर तीच हद्दीची पाहणी करणारी ऐट.

"त्याची काय गरज?" म्हणाले. "नेम धरताना तो बंदच असतो."